मूल्ये शिकवली, हे कळायचे कसे?



मागच्या वर्षी एका मंडळीत उपासनेनंतर आपल्या कामाची माहिती देण्याची संधी मिळाली. वह्या, गणवेश, वसतिगृहातील धान्य, आजारी मुलांचा औषधोपचार असे सगळे सांगून झाले. मग मी म्हणालो की यापुढे काही रक्कम आदिवासी भागातील शाळांमध्ये मूल्यशिक्षणासाठी द्यावी असा विचार आहे. मागच्या बाकावर बसलेल्या एका आजींनी हात वर केला. म्हणाल्या, "भाऊ, वह्या दिल्या तर त्या मोजून घेता येतात. पोरांना वळण लावायला पैसे दिले, तर वळण लागलं का नाही हे तुम्ही मोजणार कसं?"

हशा पिकला. मीही हसून काहीतरी उत्तर दिले, पण ते माझे मलाच पटले नाही. हा लेख म्हणजे आजींना उशिरा दिलेले उत्तर आहे. ते पूर्ण नाही, पण त्या दिवशीपेक्षा बरे आहे.

आधी आपल्या भागाची ओळख, कारण पुण्या-मुंबईच्या पुष्कळ वाचकांना हिंगोली म्हटले की औंढा नागनाथ, संत नामदेवांचे नर्सी आणि वसमतची हळद एवढेच आठवते. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा पाच तालुक्यांचा आहे: हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती आणि त्यात अनुसूचित जमातींचे लोक साधारण साडेनऊ टक्के. त्यांत आंध समाज मोठा. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय कळमनुरीला आहे. मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या किंवा नंदुरबारकडे भिल्ली बोलणाऱ्या मुलांना शाळेची भाषाच परकी असते. आंध मुले घरीदारी मराठीच बोलतात, त्यामुळे ती अडचण इथे फारशी नाही. अडचण वेगळी आहे, तिच्याकडे पुढे येऊ.

मूल्यशिक्षण ही महाराष्ट्रात नवी गोष्ट नाही. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून प्राथमिक शाळांत दहा मूल्ये शिकवली जात आहेत. आपल्यापैकी जे शिक्षक आहेत ते ती झोपेतही म्हणून दाखवतील: राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, वैज्ञानिक दृष्टिकोन, श्रमप्रतिष्ठा, सौजन्यशीलता, संवेदनशीलता, वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा. सकाळचा परिपाठ, प्रार्थना, बोधकथा, दिनविशेष आणि फळ्यावरचा सुविचार यांतून ती मुलांपर्यंत पोहोचावीत अशी अपेक्षा. देशपातळीवरही आपल्या शेजारच्या नांदेडचे शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय स्थायी समितीने १९९९ साली मूल्याधिष्ठित शिक्षणावर अहवाल दिला आणि सत्य, सदाचार, शांती, प्रेम व अहिंसा ही पाच मूल्ये पायाभूत मानली. यादीची उणीव आपल्याकडे कधीच नव्हती.

उणीव कशाची होती, हे मला एका फजितीतून कळले. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका वसतिगृहात काम करत असताना आम्ही मुलांची 'मूल्यशिक्षण परीक्षा' घेतली. प्रश्न सोपे होते. रस्त्यात पाकीट सापडले तर काय कराल? मित्राने खोटे बोलायला सांगितले तर? वर्षाअखेरीस जवळजवळ सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण मिळाले आणि आम्ही देणगीदारांना आनंदाने कळवले. पुढे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बांधताना लक्षात आले की एका रांगेतील आठ मुलांनी प्रामाणिकपणावरच्या प्रश्नाचे उत्तर शब्दशः सारखे लिहिले होते, शुद्धलेखनाच्या चुकीसकट. प्रामाणिकपणाचे उत्तर त्यांनी एकमेकांचे बघून लिहिले होते! मुलांचा मला राग आला नाही. आम्ही त्यांना विचारले होते की मोठ्या माणसांना काय ऐकायला आवडते, आणि ते त्यांना बरोबर ठाऊक होते.

याच कोड्यावर जवळपास शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत मोठे काम झाले, आणि ते मंडळ्यांशी निगडित होते म्हणून आपण ते जाणून घ्यायला हवे. शब्बाथ शाळेतील शिकवणीचा मुलांच्या वागण्यावर काय परिणाम होतो, हे पाहावे म्हणून रॉकफेलर कुटुंबाच्या पैशावर चालणाऱ्या सामाजिक व धार्मिक संशोधन संस्थेने खर्च उचलला. ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे या दोघांनी १९२० च्या दशकात हजारो शाळकरी मुलांची पाहणी केली आणि १९२८ ते १९३० या काळात तिचे तीन खंड प्रसिद्ध झाले. त्यांनी मुलांना नुसते प्रश्न विचारले नाहीत. एक युक्ती अशी: मुलांनी पेपर सोडवला की तो गोळा करून त्याची गुपचूप नक्कल ठेवायची, दुसऱ्या दिवशी मूळ पेपर आणि उत्तरांची यादी मुलांच्या हाती देऊन आपापले गुण आपणच द्यायला सांगायचे. मग दोन्ही ताडून पाहिले की कोणी रात्रीतून उत्तर बदलले ते दिसते.

निष्कर्ष अनेकांना झोंबले. जे मूल वर्गात कॉपी करत नाही ते खेळात फसवणार नाही, असे सांगता येईना. योग्य काय ते तोंडाने सांगता येणे आणि तसे वागणे यांचा संबंध फार थोडा निघाला. शब्बाथ शाळेला नियमित येणारी मुले न येणाऱ्यांपेक्षा ठळकपणे प्रामाणिक ठरली नाहीत. आपल्याला हे वाचताना वाईट वाटते, वाटायलाच हवे. पण त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे कमी लक्ष गेले: मूल ज्या वर्गात बसते त्या वर्गाची एकंदर रीत कशी आहे, सोबती कसे आहेत, यावर त्याचे वागणे बरेच अवलंबून होते. म्हणजे एकेका मुलाला उपदेश करण्यापेक्षा वर्गाची रीत बदलण्यात अधिक अर्थ आहे. आणि वर्गाची रीत शिक्षकाच्या हातात असते, देणगीदाराच्या नव्हे.

आता आपल्या मराठवाड्यात येऊ. २००९ साली बीड जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या ५०० प्राथमिक शाळांत 'मूल्यवर्धन' हा उपक्रम सुरू झाला. पुढाकार भारतीय जैन संघटनेचे संस्थापक शांतिलाल मुथ्था यांचा. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूरकडची बाराशे मुले पुण्यात नेऊन ज्यांनी त्यांच्या शिक्षणाची सोय केली, तेच हे. पुढे पुण्याजवळच्या वाघोलीच्या त्याच संकुलात मेळघाट आणि ठाण्याकडची आदिवासी मुलेही शिकली.

मूल्यवर्धनात मला दोन गोष्टी शिकण्यासारख्या वाटतात. पहिली, त्यांनी मूल्ये कुठून घेतली. संस्थेच्या नावातच धर्म असताना त्यांनी धर्मग्रंथाकडे न जाता संविधानाच्या उद्देशिकेतील न्याय, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता हा पाया धरला. त्यामुळे कोणत्याही गावात, कोणत्याही पालकाला, 'आमच्या पोरांना काय शिकवता?' याचे उत्तर देता येते. दुसरी गोष्ट पद्धतीची. शिक्षकांसाठी हस्तपुस्तिका आणि मुलांसाठी उपक्रम पुस्तिका, पण बोधकथा सांगून 'तात्पर्य काय?' असे विचारणे नाही. मुले जोडीने बोलतात, गटात काम वाटून घेतात, आपली पाळी येईपर्यंत थांबतात, दुसऱ्याचे म्हणणे ऐकून मग आपले मांडतात. पहिलीतले मूल 'समता' हा शब्द शिकत नाही, पण गटात प्रत्येकाला बोलायची पाळी मिळते हे रोज अनुभवते. परिपाठात दहा मूल्ये म्हणणे आणि हे करणे यांत पोहण्याचे पुस्तक आणि नदी एवढा फरक आहे.

बीडमध्ये काही वर्षे काम करून, पुस्तिका पुन्हापुन्हा दुरुस्त करून, मग २०१६ च्या सुमारास राज्य शासनाबरोबर तो १०७ तालुक्यांत, म्हणजे साधारण प्रत्येक जिल्ह्यातील तीन तालुक्यांत नेण्यात आला. पुढे गोव्यातील शाळांतही गेला. या क्रमाकडे लक्ष द्या. आधी एका जिल्ह्यातील शाळांचा गट, तिथे चुका करण्याची मुभा, आणि मग विस्तार. आपल्या धर्मादाय कामात बहुतेकदा उलटे होते. पहिल्याच वर्षी सर्वांना थोडे थोडे वाटून टाकतो, आणि कुठे काय झाले ते कोणालाच सांगता येत नाही.

गट का, एकेक शाळा का नाही, हे ज्यांनी वाडी-तांड्यावरची द्विशिक्षकी शाळा पाहिली आहे त्यांना सांगायला नको. चार वर्ग, दोन शिक्षक, त्यातला एक प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेलेला. त्या एकट्या गुरुजींना नवा उपक्रम दिला तर बदली होईपर्यंत चालतो. बदली झाली की पुस्तिका कपाटात. पण महाराष्ट्रात शाळांचे गट आधीच आहेत. १९९४ साली राज्यात ४८६० केंद्रे ठरवून प्रत्येकाला केंद्रप्रमुख देण्याची रचना झाली. एका केंद्रात आसपासच्या दहा-पंधरा शाळा येतात आणि त्यांचे शिक्षक शिक्षण परिषदेला एकत्र बसतात. 'माझ्या वर्गात हा उपक्रम फसला, तुझ्याकडे कसा जमला?' हा प्रश्न तिथे विचारता येतो. पैसे शाळेला न देता केंद्राला, म्हणजे त्या एकत्र बसण्याला दिले, तर एक गुरुजी गेले तरी बाकीच्यांना काम ठाऊक असते.

याचा एक मोठा प्रयोग ऑस्ट्रेलियात झाला. तिथल्या केंद्र सरकारने २००४ पासून चार वर्षांसाठी सुमारे २ कोटी ९७ लाख डॉलर मूल्यशिक्षणाला दिले. २००५ मध्ये नऊ मूल्यांचा राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध झाला आणि मग शाळांच्या गटांकडून प्रस्ताव मागवले गेले: तुमच्या गावात, तुमच्या मुलांसाठी तुम्ही हे कसे कराल ते तुम्हीच ठरवा. पहिल्या टप्प्यात २६ गटांतील १६६ शाळा, दुसऱ्यात २५ गटांतील १४३ शाळा. प्रत्येक गटाच्या जोडीला विद्यापीठातील एक जाणकार, जो कौतुकही करील आणि न पटलेले तोंडावर सांगेलही. (तिथेही शाळोशाळी मूल्यांचा फलक पाठवला होताच. त्यावर पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना गाढवावरून नेणाऱ्या एका सैनिकाचे चित्र होते. फलकावाचून मूल्यशिक्षण होत नाही, हा समज आपलाच नाही एवढे समाधान.)

त्यांचे अहवाल वाचताना एक गोष्ट वारंवार येते: ज्या शाळांत शिक्षकांनी आधी स्वतःच्या बोलण्याकडे लक्ष दिले, मुलांना रागावण्याची पद्धत बदलली, तिथे वर्ग शांत झाले आणि अभ्यासही सुधारला असे शिक्षक सांगतात. न्यूकॅसल विद्यापीठाचे टेरेन्स लोवाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये परिणामांची तपासणी करून तसाच निष्कर्ष दिला. मात्र यातला मोठा भाग शिक्षक, मुले आणि पालक यांनी स्वतः सांगितलेल्या अनुभवांवर उभा आहे. ज्याने मन लावून काम केले त्याला काम चांगले झालेच असे वाटते. माझ्या वसतिगृहातील परीक्षेसारखेच.

म्हणून त्याच्या शेजारी दुसरा अहवाल ठेवावा लागतो. अमेरिकेच्या शिक्षण विभागाच्या संशोधन संस्थेने सात वेगवेगळे चारित्र्यविकास उपक्रम निवडले, ८४ प्राथमिक शाळांत काही शाळांना उपक्रम आणि काहींना नेहमीचेच शिक्षण अशी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वाटणी केली, आणि तिसरी ते पाचवीपर्यंत मुलांचा मागोवा घेतला. २०१० च्या अहवालाचे सार एका वाक्यात सांगता येते: सरासरीने पाहता मुलांच्या वागण्यात, अभ्यासात किंवा शाळेच्या वातावरणात सुधारणा दिसली नाही. एक कारण असे की ज्या शाळांना उपक्रम दिला नव्हता त्याही आपापल्या परीने असेच काहीतरी करत होत्या. पण तेवढ्यावर समाधान मानू नये. चांगल्या हेतूने, चांगल्या माणसांनी, भरपूर पैसा घालून केलेले काम निष्फळ ठरू शकते, आणि ते निष्फळ ठरले हे कळण्यासाठी तुलनेच्या शाळा लागतात.

मग काही उपयोग झाल्याची उदाहरणे आहेत का? आहेत, आणि आपल्याच राज्यात. २००८ पासून मुंबई महानगरपालिकेच्या ४५ शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींबरोबर स्त्री-पुरुष समानतेवर काम झाले. कोरो ही मुंबईची संस्था, टाटा समाजविज्ञान संस्था आणि स्त्रियांविषयी संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आयसीआरडब्ल्यू यांनी ते मिळून केले. शाळांचे तीन भाग केले होते. पंधरा शाळांत वर्गात सत्रे आणि शाळाभर मोहीम, पंधरांत फक्त मोहीम, आणि पंधरांत काहीच नाही. दोन वर्षांनी मुलांची मते पाहिली तेव्हा बदल सत्रे झालेल्या शाळांत सर्वांत जास्त होता. मारामारी, शिवीगाळ यांच्या बाबतीत मात्र चित्र इतके सरळ नव्हते. मते बदलतात आधी, हात थांबतात नंतर. पुढे राज्याच्या शिक्षक प्रशिक्षणात या कामातील बऱ्याच गोष्टी घेतल्या गेल्या.

हरियाणातील प्रयोग त्याहून काटेकोर. ब्रेकथ्रू या संस्थेने सोनीपत, पानिपत, रोहतक आणि झज्जर या चार जिल्ह्यांतील सरकारी शाळांत समानतेचा वर्ग घेतला. ३१४ शाळांपैकी १५० शाळा सोडतीने निवडल्या, बाकीच्या तुलनेसाठी. सातवी-आठवीपासून सुरुवात करून अडीच वर्षे, साधारण तीन आठवड्यांतून एकदा ४५ मिनिटे. शेवटी दिसले की मुलींना कमी लेखणाऱ्या दर सहा मतांपैकी सुमारे एक मत बदलले. मुलगे घरकामाला पूर्वीपेक्षा अधिक हात लावू लागले. कार्यक्रम संपल्यावर दोन वर्षांनी पुन्हा पाहिले तरी बदल टिकून होता. आणि आजींच्या प्रश्नाशी थेट जुळणारी गोष्ट अशी: 'मोठ्यांना आवडेल ते उत्तर' देण्याची सवय कोणत्या मुलाला किती आहे, हे ओळखण्यासाठी त्यांनी वेगळे प्रश्न विचारले होते. 'तू आयुष्यात कधीच कोणाचा राग केला नाहीस का?' अशा तऱ्हेचे. ज्याचे सगळेच उत्तर साधुसंतासारखे, त्याच्या बाकी उत्तरांकडे जपून पाहायचे. आमच्या वसतिगृहात हे कोणाला सुचले नव्हते.

सहातील एक मत. कोणाला हे फार थोडे वाटेल. मला ते खरे वाटते, म्हणून आवडते. 'सर्व मुलांमध्ये आमूलाग्र परिवर्तन झाले' असे लिहून येणाऱ्या अहवालावर मी आता विश्वास ठेवत नाही. आपल्या या पत्रिकेतही पूर्वी अशी वाक्ये छापली गेली आहेत, त्यातली काही माझीच.

हिंगोलीत हे करायचे तर काय लागेल? सर्वांत मोठी अडचण, जिचा वर उल्लेख केला, ती स्थलांतराची. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी दिवाळीच्या आसपास टोळीबरोबर ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. कोणी वीटभट्टीवर जाते. काही मुले आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, पुष्कळ आईवडिलांबरोबर फडावर जातात. आता समजा आपण जूनमध्ये शंभर मुलांना प्रश्न विचारले आणि मार्चमध्ये हजर असलेल्या सत्तर मुलांना पुन्हा विचारले. उत्तरे सुधारलेली दिसली. कशामुळे? उपक्रमामुळे, की सर्वांत अडचणीतली तीस मुले हजेरीपटावरून गळाली म्हणून? ज्या मुलांसाठी आपण हा सारा खटाटोप करतो तीच मोजणीतून निसटतात. म्हणून या मुलांना परतल्यावर, गरज पडली तर त्यांच्या घरी जाऊन विचारावे लागते, आणि तो खर्च आधीच धरावा लागतो. मूल्यमापनासाठी वेगळी रक्कम कशाला, असे देणगीदार विचारतात तेव्हा हे उत्तर द्यावे.

तुलनाही शाळेची शाळेशी करून चालणार नाही. एकाच केंद्रातील शिक्षक एकत्र बसतात, चांगली कल्पना लगेच शेजारच्या शाळेत जाते. जायलाच हवी. तेव्हा केंद्राची तुलना केंद्राशी. कोणत्या केंद्रात आधी सुरू करायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवावे आणि उरलेल्यांना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तोच उपक्रम द्यावा, म्हणजे कोणावर अन्याय नाही. चिठ्ठ्यांचे नाव काढले की आपल्याकडे काहींना ते कमीपणाचे वाटते. त्यांनी प्रेषितांच्या कृत्यांचा पहिला अध्याय काढून मत्थियाची निवड कशी झाली ते पाहावे. ओळखीच्या मुख्याध्यापकाची शाळा निवडण्यापेक्षा चिठ्ठी बरी.

तिसरी गोष्ट मोजायचे काय, ही. मुलांच्या तोंडी उत्तरांबरोबर डोळ्यांना दिसणाऱ्या काही साध्या गोष्टी ठरवून ठेवता येतात. गटात बसताना मुली आणि मुलगे, आंध, बंजारा आणि मराठा घरची मुले एकत्र बसतात की वेगवेगळी? पोषण आहाराच्या पंगतीत? वर्ग झाडायचे काम नेहमी त्याच मुलींकडे असते का? गुरुजींच्या हातात छडी असते का? स्थलांतरावरून परतलेल्या मुलाला नावाने हाक मारून आत घेतले जाते की मागे बसवले जाते? हे पाहायला केंद्राबाहेरचा माणूस हवा, आणि तो कोणत्या केंद्रात उपक्रम चालू आहे हे माहीत नसलेला असेल तर उत्तम.

इथे आदिवासी मुलांविषयी एक स्पष्ट सांगायला हवे. 'त्यांना मूल्ये द्यायची' या वाक्यातच एक गृहीत लपलेले असते, की त्यांच्याकडे ती नाहीत. वेळेवर येणे आणि नीटनेटके राहणे ही ज्या यादीत मोठी मूल्ये ठरतात, त्या यादीत फडावरून परतलेले, एकच गणवेश असलेले मूल पहिल्याच दिवशी नापास होते. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन शाळेत येणाऱ्या मुलीला संवेदनशीलता शिकवायला निघालेल्या माणसाने आधी तिच्याकडे बघावे. त्यामुळे कोणत्या मूल्यांवर काम करायचे ते ठरवताना पालकांना, आणि त्यातही आयांना, बोलावलेच पाहिजे. रात्री, जेव्हा त्या रानातून परत येतात तेव्हा. सकाळी अकराच्या सभेला येतात ते गावातले पुढारी.

आता कायद्याविषयी थोडे, कारण हा प्रश्न मंडळीत नेहमी निघतो: 'मग आपण येशूविषयी सांगायचे नाही का?' या कामात, नाही. संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदानुसार पूर्णपणे शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत कोणत्याही धर्माचे शिक्षण देता येत नाही, आणि अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीवाचून ते लादता येत नाही. २००२ साली अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मूल्यशिक्षण आणि विविध धर्मांची ओळख यांना हरकत नाही असे म्हटले, पण धर्मशिक्षण वेगळे हेही सांगितले. जिल्हा परिषदेच्या शाळेत आपण पाहुणे असतो. शिक्षणाधिकाऱ्यांची लेखी परवानगी, आश्रमशाळा असेल तर प्रकल्प कार्यालयाची, आणि पुस्तिका आधी त्यांना दाखवणे, एवढे केल्याशिवाय पाऊल टाकू नये. ज्यांना हे अपुरे वाटते त्यांची तळमळ मी समजू शकतो. पण दुसऱ्याच्या मुलांशी सरळपणे वागणे हीदेखील आपलीच शिकवण आहे.

परदेशात असलेल्या वाचकांसाठी एक सूचना. सप्टेंबर २०२० मध्ये विदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून परदेशी देणगी स्वीकारणारी संस्था ती रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळती करू शकत नाही, आणि त्यातून प्रशासकीय खर्चही पन्नासऐवजी वीस टक्क्यांपर्यंतच करता येतो. शाळांच्या गटाला किंवा मूल्यमापन करणाऱ्या दुसऱ्या संस्थेला पैसे पुढे देण्याची जुनी पद्धत त्यामुळे त्या रकमेपुरती बंद आहे. या कामासाठी देशातील सभासदांची लहान लहान वर्गणीच जास्त उपयोगी पडेल.

आणि ती वर्गणी जाईल कुठे? इमारतीत नाही, फलकात नाही, बक्षीस समारंभात तर नाहीच. शिक्षकांचे एकत्र बसणे, त्यांचा प्रवास आणि जेवण, पुस्तिकांची छपाई, दुसऱ्या वर्षी त्याच पुस्तिका दुरुस्त करून पुन्हा छपाई, वर्षातून दोनदा वर्गात बसून पाहणारी माणसे, आणि परतलेल्या मुलांच्या घरी जाण्याचा खर्च. यातले छायाचित्रात येण्यासारखे जवळजवळ काहीच नाही. त्यामुळे पहिले वर्षभर या पानांवर तुम्हांला फारसे काही पाहायला मिळणार नाही. दुसऱ्या वर्षाअखेर जे आकडे येतील ते छापू, दोन्ही केंद्रांचे शेजारी शेजारी, फरक पडला नसेल तरीही.

पहिली पाहणी दिवाळीच्या सुट्टीपूर्वी पुरी व्हायला हवी. त्यानंतर गावात मुले राहत नाहीत.